यादीत तुझं नाव नाही

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातही नाही. म्हणून आधी ती सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मी आजूबाजूचंच बोलत बसेन आणि कागद संपेल. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या मुलीचा, सायलीचा, कृषी पदविकेचा अर्ज मी ऑनलाइन भरला. फोटो, सही, दाखले, सगळं व्यवस्थित चढवलं. आणि शेवटचं 'अर्ज निश्चित करा' हे बटण दाबलं नाही. मुद्दाम दाबलं नाही. पुढं यादी लागली तेव्हा तिला म्हणालो, "यादीत तुझं नाव नाही."

वाक्य खरं होतं. यादीत तिचं नाव नव्हतंच.

आता पुन्हा जून आलाय. सोलापुरात जून म्हणजे पावसाळा, असं फक्त कॅलेंडरात असतं. मृग लागून आठवडा झाला तरी ऊन मे महिन्याचंच. दुपारी वारा सुटतो, रस्त्यावरची धूळ उचलून दुकानांच्या पायऱ्यांवर टाकतो आणि दमून बसतो. ढग येतात, हजेरी लावतात आणि पुढच्या गावाला जातात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं घरोघरी पिंपं भरून ठेवलेली. आमच्या मागच्या गल्लीत चादरीचे माग आहेत, त्यांचा खडखडाट या दिवसांत जास्त ऐकू येतो, कारण सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात.

पण माझा जून या कशावरून कळत नाही. मी शाळेत क्लार्क आहे, चोवीस वर्षं झाली. माझा जून वासावरून कळतो. तापलेल्या झेरॉक्स मशीनचा वास, लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास, शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास. ही शाई अंगठ्याला लागते ती जुलैपर्यंत जात नाही, भाकरी मोडतानाही दिसत राहते. शाळेसमोरचा झेरॉक्सवाला मला दरवर्षी सांगतो, "भाऊसाब, जूनमें मशीन तो सोती, मैं नै सोता." दहावीचा निकाल लागला की पोरं आणि त्यांचे आईबाप माझ्या टेबलापुढं रांग लावतात. दाखला, गुणपत्रिका, जातीचं, उत्पन्नाचं. ज्यांना ऑनलाइन फॉर्म जमत नाही त्यांचे फॉर्म मीच भरून देतो. ते माझं काम नाही, पण मला ते आवडायचं. पोराला समोर बसवायचं, विचारायचं, "काय घ्यायचंय रे तुला?" पोरगा बापाकडं बघायचा. मग मी बापाला म्हणायचो, "त्याला बोलू द्या की. शिकायचंय त्याला." बाप ओशाळून हसायचे. मला तेव्हा स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, वर्तणूक. त्यात मी हजारो वेळा 'चांगली' लिहिलंय. दुसरं काही लिहायची पद्धत नाही. चांगली म्हणजे काय, तर तक्रार आली नाही. पोरगं गप बसलं, वहीत लिहून घेतलं, सांगितलं ते केलं. या व्याख्येप्रमाणं माझ्या मुलीची पुढची दोन वर्षांची वर्तणूक इतकी चांगली होती की ती ओळखायलाच मला उशीर झाला.

तिला शेतीचं वेड लागलं ते माझ्या भावामुळं. दत्ता माझ्याहून धाकटा, मंगळवेढ्याजवळ आमच्या गावात राहतो. जमीन कोरडवाहू, काळी, रब्बीत ज्वारी. आम्ही जानेवारीत हुरड्याला जायचो. शहरातली पोरं हुरडा खातात, फोटो काढतात, हात काळे झाले म्हणून रडतात. सायली सहावीत असल्यापासून कणसं भाजायच्या आगटीपाशी फार वेळ बसायची नाही. दत्ताच्या मागं मागं रानात हिंडायची. तो तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचा.

एका वर्षी सप्टेंबरात आम्ही गेलो होतो. चार दिवस पाऊस पडून उघडला होता. दत्तानं वाकून रानातली मूठभर माती उचलली, दाबून लाडू केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. लाडू जमिनीवर आपटून नुसता बसला.

"न्हाय आला," तो म्हणाला.

"काय नाही आला?" सायलीनं विचारलं.

"वापसा. माती अजून वली हाय. लाडू फुटला पायजे. फुटला की समजायचं, आता औत घालायला हरकत न्हाय."

"आणि आधीच घातलं तर?"

"घालतेत की लोकं, घाई असती. मग ढेकळं निगत्यात, दगडासारखी. वरीसभर फुटत न्हाईत."

ती त्या दिवशी चारपाच ठिकाणची माती दाबून बघत फिरली. बांधाजवळची, विहिरीकडची, उताराची. कुठं वापसा आधी येईल याचा अंदाज सांगितला. दत्ता दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "दादा, पोरीनं सांगितलं तसंच झालं बग. उताराचं रान आधी आलं." मी 'बरं' म्हणालो. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. उलट जरा धास्तीच वाटली.

ती धास्ती कसली, हे मला नीट सांगितलं पाहिजे. त्या काळ्या मातीतून बाहेर पडायला मला किती वर्षं लागली ते मलाच माहीत. दहावी झाल्यावर वडिलांनी मला विचारलं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, कॉमर्सला घाला, कुठंतरी चिकटेल. मी चिकटलो. मला हिशेबाची कधीच आवड नव्हती. काय आवडायचं हेही आता आठवत नाही, कारण तो प्रश्नच कुणी विचारला नाही. आमच्या पिढीचं एक ठरलेलं वाक्य आहे, आम्हाला कुठं कुणी विचारलं होतं, आम्ही काय मेलो का? हे वाक्य मीही म्हणालोय. मेलो नाही हे खरं. पण जगलो ते कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारायचं आम्ही टाळतो.

सायलीला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. पेढे वाटायच्या दिवशीच तिनं सांगितलं, "पप्पा, मला कृषीच्या डिप्लोमाला जायचंय. मी सगळी माहिती काढलीय." तिनं एका वहीत कॉलेजं लिहून काढली होती, पसंतीचा क्रम लावून, प्रत्येकापुढं कारण. पहिल्यापुढं लिहिलं होतं, "इथली जमीन काकांच्या जमिनीसारखी आहे." सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "तिला हवं तर जाऊ दे की हो." मी म्हणालो, "बघू."

दुसऱ्या दिवशी शाळेत एका सरांनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "मग भाऊसाहेब, सायली सायन्सच ना? नीट वगैरे?" मी म्हणालो, "तिला कृषीचा डिप्लोमा करायचाय." सर हसले. माणूस वाईट नाही, चेष्टेखोर. म्हणाले, "अहो, तुम्ही एवढे कष्ट करून रानातनं बाहेर आलात, आणि पोरगी परत खुरपं घेऊन चालली? तिला सांगा, आधी बापाची पेन्शन बघ म्हणावं." सगळे हसले. मीही हसलो. इतकंच झालं. एवढ्याशा हसण्यावर एका मुलीचं काय काय ठरू शकतं, हे मी क्लार्क असूनही कधी नोंदवलेलं नव्हतं.

अर्जाची शेवटची तारीख होती तेव्हा दुपारी ऑफिसात मी आणि शिपाई मावशी एवढेच होतो. सकाळपासून मी दुसऱ्यांच्या पोरांचे चौदा अर्ज निश्चित केले होते. पंधरावा सायलीचा. पडद्यावर तिचा फोटो होता, निळ्या कुर्त्यातला, कान जरा पुढं आलेले. सगळे रकाने हिरवे. खाली बटण. दाबलं की माझ्या मोबाइलवर एक नंबर येणार, तो टाकला की संपलं. मावशींनी चहा आणून ठेवला. मी चहा घेतला. कप खाली ठेवला आणि पान बंद केलं.

क्षणाचा मोह, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण या अर्जांना मुदतवाढ मिळते, नेहमीच मिळते, आणि तेव्हाही मिळाली. आणखी तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी आणखी अकरा पोरांचे अर्ज निश्चित केले. सायली रोज संध्याकाळी विचारायची, "झाला ना पप्पा माझा?" मी म्हणायचो, "भरलाय की." हेही खरं होतं. भरला होता. क्लार्कचं खोटं असंच असतं. त्यात एकही शब्द खोटा नसतो. अपूर्ण अर्जाचा आवाज होत नाही, पत्र येत नाही, कुणी विचारत नाही. हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. मला माहीत होतं.

ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी मी माझा मोबाइलच तिच्या हातात दिला. "तूच बघ," म्हणालो. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. बोटानं यादी सरकवत गेली, खालपर्यंत. मग पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून. सुनंदा भाकरी थापायची थांबली होती. तिसऱ्यांदा मात्र सायलीनं बघितलं नाही. मोबाइल माझ्याकडं दिला.

"किती मार्कांनी हुकलं असेल?" तिनं विचारलं.

"ते काय लिहिलेलं नसतं," मी म्हणालो.

"माझेच कमी पडले म्हणजे."

यावर मी काही बोललो नाही. बोललो नाही, हे लिहिताना आता हात जड होतोय. बटणाचं एकवेळ मी स्वतःला समजावू शकेन. या न बोलण्याचं समजावता येत नाही.

मग सायन्स झालं. कॉलेज नावापुरतं, खरा दिवस क्लासमध्ये. सकाळी सहाला डबा घेऊन जायची, संध्याकाळी सातला यायची. पहिले काही महिने सगळं इतकं सुरळीत होतं की मला माझं बरोबरच वाटायला लागलं. ती कशालाही नाही म्हणायची नाही. दिवाळीला कपडे घ्यायला गेलो तर म्हणाली, "कुठलाही चालेल." रंग विचारला तर, "तुम्ही सांगा." मी दुकानदाराला कौतुकानं म्हणालो, "आमची पोरगी अशीच, काही मागतच नाही." दुकानदार म्हणाला, "नशीबवान आहात."

हळूहळू ते वाढत गेलं. "पप्पा, अंघोळ करू?" "आई, आता जेवू का?" "पंखा लावू?" सोळा-सतरा वर्षांची मुलगी. सुनंदा चेष्टेनं म्हणायची, "अगं, श्वास घेऊ का तेही विचार." सायलीला हसू यायचं नाही. तिच्या फिजिक्सच्या पुस्तकात पानापानांच्या मध्ये बारीक केस सापडायला लागले, भुवयांचे. सुनंदानं ते मला एका दुपारी कागदावर जमवून दाखवले. मी म्हणालो, "अभ्यासाचा ताण आहे, परीक्षेनंतर जाईल."

क्लासमध्ये त्यांच्या सराव परीक्षा असायच्या. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. असे शेकड्यानं प्रश्न. तिचे मार्क घसरायला लागले तेव्हा मी एक पेपर घेऊन तिच्याजवळ बसलो. बरेच प्रश्न कोरे होते. एक सोपा प्रश्न होता, मलाही उत्तर येत होतं. मी म्हणालो, "हे येतंय की तुला."

"येतंय."

"मग गोल का नाही काळा केला?"

तिनं पेपर उलटा करून ठेवला. म्हणाली, "मी निवडलं की ते चुकतंच, पप्पा. म्हणून वाट बघत बसते. वेळ संपतो."

हे मी ऐकलं. तरीही त्या रात्रीचं जेवण झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिचा डबा भरला गेला, आणि मी स्कूटरवरून तिला क्लासला सोडून शाळेत जाऊन हजेरीवर सही केली.

बारावीच्या बोर्डाला दुसऱ्याच पेपरला तिनं उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिला आणि तीन तास शांत बसून राहिली. रडली नाही, चक्कर आली नाही. सुपरवायझर बाई फोनवर मला म्हणाल्या, "मुलगी फार गुणी आहे हो, काही त्रास दिला नाही. पण एक अक्षर लिहिलं नाही." पुढच्या पेपरला ती गेली नाही. गेली नाही म्हणजे, मी जा म्हणालो नाही.

मग डॉक्टर. मनाच्या डॉक्टरकडं जायचं म्हणून सुनंदानं जावेला फोनवर सांगितलं, "सायलीचे डोळे दाखवायला चाललोय." बाहेरच्या बाकावर आमच्यासारखी आणखी दोन कुटुंबं बसली होती. पोरं मध्ये आणि आईबाप दोन्ही बाजूंना, हरवू नयेत म्हणून धरून ठेवल्यासारखे. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी सायलीला विचारलं, "चहा घेशील की सरबत?" सायलीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "सरबत चालेल तिला." बाई मला म्हणाल्या, "मी तिला विचारलंय." सायलीच्या कपाळावर घाम आला. शेवटी ती म्हणाली, "काहीच नको." बाई म्हणाल्या, "चालेल. हेही उत्तर आहे."

नंतर बाईंनी विचारलं, "शेवटचं तू स्वतः काय ठरवलं होतंस? लहानसं का असेना."

"दहावीनंतर," सायली म्हणाली. "एक फॉर्म भरला होता. शेतीचा. लागला नाही."

"मग?"

"मग काही नाही. पप्पांनी सांगितलं ते घेतलं. एका अर्थी बरं झालं. ठरवायची कटकट गेली."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नाही."

बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानात मी चिठ्ठीऐवजी स्कूटरचं लायसन पुढं केलं. सुनंदाला वाटलं, मुलीच्या काळजीनं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हातही मी ठेवू दिला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. गोळ्या, दर पंधरवड्याला बाईंशी बोलणं, मधूनमधून गावी जाऊन राहणं. पहिल्यांदा ती गावी गेली तेव्हा रानात गेलीच नाही, ओसरीवर बसून राहिली. दत्तानं मला बाजूला घेतलं. "दादा, मी काय शिकल्याला माणूस न्हाय. पण अठ्ठ्याऐंशी टक्के पडल्याली पोरगी कशी काय राहिली ओ? आपल्या गावचं पोरगं साठाला लागलं की."

"कोटा वेगळा असतो," मी म्हणालो.

धाकटा भाऊ आहे, पुढं बोलायचा नाही. एवढंच म्हणाला, "आसंल. पर पोरीचं ढेकूळ झालंय, दादा. कुणीतरी वल्यातच औत घातलंय." त्याला माहीत असावं असं मला वाटतं. आणि तो मला विचारत नाही, ही त्याची माझ्यावरची मेहेरबानी आहे की शिक्षा, हे मला ठरवता येत नाही.

मी शाळेत रोज साडेसातशे पोरं बघतो. आम्ही त्यांच्या हजेरीची काळजी घेतो, केस कापलेत का बघतो, वह्यांना कव्हर आहे का बघतो. दहा वर्षं त्यांना सांगतो, विचारल्याशिवाय उठायचं नाही, विचारल्याशिवाय पाणी प्यायला जायचं नाही. आणि दहावीनंतर जूनच्या एका दुपारी त्यांच्यापुढं फॉर्म ठेवून म्हणतो, हं, निवड आता आयुष्य. त्यातलं एखादं पोरगं तरीही निवडतं. वहीत क्रम लावून, कारणं लिहून आणतं. ते कुठून शिकलं असेल? शाळेतून तर नाही. सायली ते रानात शिकली होती, चार ठिकाणची माती दाबून बघताना. तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं.

सावकाश फरक पडतोय. या उन्हाळ्यात एकदा सुनंदानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ताटात वाढली तर सायली म्हणाली, "चटणी नको. तिखट लागतेय." इतकंच. सुनंदा आत गेली आणि ओट्याला धरून रडली. अडीच वर्षांनी घरात कुणीतरी नको म्हणालं होतं.

आणि मग मागच्या आठवड्यात शेजारची लावण्या आली.

लावण्याचे वडील मागावर काम करतात, घरात तेलुगू बोलतात. पोरगी बडबडी. त्र्याहत्तर टक्के पडलेत. रविवारी सकाळी आईला घेऊन आली. आई म्हणाली, "भाऊ, हिचा फॉर्म तुमीच भरा बघा. हिला शेतीचं शिकायचंय म्हणे. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं शेत नाही."

सायली दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "तू शेत कधी बघितलंयस का गं?"

"बघितलंय की. हुरड्याला गेलते."

"हुरडा कशाचा असतो?"

लावण्यानं विचार केला. "हुरड्याचाच असतोय की."

सायली हसली. मोठ्यानं हसली. मी आणि सुनंदानं एकमेकांकडं बघितलंच नाही, बघितलं तर ते हसू थांबेल अशी भीती वाटली. मग सायली लावण्याजवळ बसली, ज्वारी, दाणा दुधात असताना, असं काहीतरी सांगायला लागली. मी फॉर्म भरत होतो. लावण्याची आई म्हणाली, "भाऊ, त्र्याहत्तरला लागेल का हो?" आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "आरामात लागतं. एवढ्याला सगळ्यांना लागतं."

बोललो आणि कळलं.

लावण्या आणि तिची आई गेल्यावर सायली माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. गणिताचं उत्तर जुळत नसलं की ती लहानपणी विचारायची, तसं तिनं विचारलं. "पप्पा, त्र्याहत्तरला आरामात लागतं, तर माझं अठ्ठ्याऐंशीला कसं नाही लागलं?"

तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढं असा प्रश्न होता ज्याला क्लार्कचं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं किंवा खोटं. तिसरा रकाना नाही. तिच्या भुवया आता पुन्हा आल्यात, डावी जरा विरळ आहे. मी त्या भुवईकडं बघत म्हणालो, "त्या वर्षी फार गर्दी होती."

"असेल," ती म्हणाली. उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आई, कपडे वाळत घालू का?" महिनाभर तिनं असं काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या मैदानावर, लिंबाच्या झाडाखाली उभं राहून डॉक्टर बाईंना फोन केला. म्हणालो, "सायलीला एक जुनी गोष्ट सांगितली तर तिला त्रास होईल का?" बाईंनी विचारलं, "कुणाची गोष्ट?" मी म्हणालो, "माझी." त्या म्हणाल्या, "त्रास होईल. न सांगण्याचा होतोय तो तुम्ही बघताच आहात. माझ्याकडं घेऊन या, मी असेन. फक्त एक करा. माफी मागायच्या घाईनं येऊ नका, नाहीतर तिला पुन्हा तुमचंच समाधान करावं लागेल." गुरुवारची वेळ दिली. त्या गुरुवारी शाळेत प्रवेशाचं काम आहे असं सांगून मी ती रद्द केली. काम होतंच. जूनमध्ये काम असतंच.

इथं लिहिणं मला तितकं कठीण गेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तुम्ही मला ओळखत नाही. वाचून पान उलटाल, फार तर एखादा 'काय बाप आहे' म्हणेल. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही ती यादी दोनदा वाचलेली नाही. जिनं वाचली ती आत्ता बाहेर लावण्याला काहीतरी समजावून सांगतेय, आणि तिला अजून वाटतंय की जगानं तिला एकदा बघितलं, मोजलं आणि ठेवून दिलं.

पुढच्या गुरुवारची वेळ मी पुन्हा घेतलीय. जाईन की नाही याची हमी मी देत नाही. माझ्या हमीवर तीन वर्षं एक घर चाललंय, ते कसं चाललंय ते वर लिहिलं आहे.

सायलीचं मी देणं लागतो ते एवढं. तुला कुणीही नाकारलं नव्हतं, तुझा अर्ज मी पुढं जाऊच दिला नाही, हे तिच्या तोंडावर सांगणं. सांगून झाल्यावर ती जे बोलेल ते मध्ये न बोलता ऐकणं. आणि त्यानंतर ती जे ठरवेल ते, अगदी माझ्याशी कधीच बोलायचं नाही असं ठरवलं तरी, तसंच राहू देणं. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.